शिकवणीचं उत्पन्न

कागदावर मी बारा वर्षं शिकवण्या घेतल्या. दरवर्षी उत्पन्न थोडं थोडं वाढत गेलं, म्हणजे माझ्याकडं येणारी मुलं वाढत गेली असणार. माझं स्वतःचं शिक्षण चौथी. माहेरच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीला ओढा ओलांडून जावं लागायचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी येतं, एवढं कारण त्या वेळी पोरीची शाळा बंद करायला पुरलं. अक्षर मात्र माझं चांगलं होतं. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख-वार लिहायला गुरुजी मलाच उठवायचे. पुढं त्या अक्षराचा उपयोग झाला तो सह्या करायला.

लेकीच्या जुन्या वह्यांत कोरी पानं उरली आहेत, त्यांवर हे लिहिते आहे. तोंडानं सांगायचं तर मला चार माणसांत बोलता येत नाही. आणि सांगावं असं माणूस एकच आहे, नेमकं त्याच माणसाला सांगता येत नाही.

आमचं घर कळंबजवळ, पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत. दोघा भावांची शेती एकत्र. थोरल्या दिरांनी रस्त्यावर खत-औषधांचं दुकान काढलं होतं. माझे मालक शेत बघायचे आणि दुकानाचा टेंपो चालवायचे. नवऱ्याला आमच्याकडं मालकच म्हणतात. थोरल्या दिरांना सगळे दादा म्हणायचे, मीही. जाऊबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, जुन्नरकडच्या. त्यांना मी आक्का म्हणते.

दुकान चांगलं चाललं. शेतीच्या पैशाला कर नसतो आणि दुकानाच्या पैशाला असतो, हे घराला कळलं ते दादांच्या नावानं ऑफिसातून कागद आला तेव्हा. दोन दिवस दादा जेवले नाहीत नीट. मग कुणीतरी मंचरच्या इन्कमटॅक्सच्या वकिलांचं नाव सांगितलं. दादा जाऊन आले ते हसतच आले. ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "आजपासून ह्या दोघी बी कमावत्या झाल्या. हिच्या नावावर टेंपो. धाकटीच्या नावावर शिकवण्या."

"कसल्या शिकवण्या?" मालकांनी विचारलं.

"पोरांच्या. घरी पोरं येत्यात, ती शिकवती, पैसं घेती."

"दादा, चौथी पास हाय ती."

"मग बालवाडीची येत असतील. वकील म्हणला, रिटर्नला शाळेचा दाखला लावत न्हाईत."

सगळे हसले. मीही पदर तोंडाशी धरून हसले. सगळं एकाच्या नावावर दाखवलं की कर जास्त बसतो, चार नावांवर वाटलं की कमी बसतो, एवढं मला त्या जेवणात कळलं. ते खोटं आहे हेही कळलं. पण पुढं समजलं की मंचरच्या पेठेत निम्म्या दुकानदारांच्या बायका कागदावर शिकवण्या घेत होत्या नाहीतर कपडे शिवत होत्या. त्यामुळं मला फार काही वाटलं नाही.

आक्कांना मात्र खेळच सापडला. त्या मला मास्तरीणबाई म्हणायला लागल्या आणि स्वतःला टेंपोवाली. मी भांडी घासायला बसले की म्हणायच्या, "मास्तरीणबाई, आज शाळेला सुट्टी का वं? पोरं वाट बघत असत्याल की!" मी म्हणायची, "तुमचा टेंपो कुठं नेलाय आक्का आज?" त्या म्हणायच्या, "गेलाय की लांब. मलाच न्यायचं इसरला." त्या टेंपोत आक्का कधी पुढच्या सीटवर बसल्या नव्हत्या. बसल्या तर मागं हौद्यात, युरियाच्या गोण्यांवर.

वर्षातून एक सह्यांचा दिवस असायचा. पाऊस सुरू झाला की दादा सकाळीच सांगायचे, आवरून बसा, मंचरला जायचंय. शेजाऱ्यांची जीप सांगितलेली असायची. आम्ही दोघी ठेवणीतली लुगडी नेसून मागच्या सीटवर. वकिलांचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं, खाली भांड्यांचं दुकान. पुरुष वर जायचे. आम्ही गाडीतच. बायकांनी त्या जिन्यानं वर जायचं नाही असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही उतरलो नाही, म्हणून मग कधीच उतरलो नाही.

थोड्या वेळानं वकिलांचा कारकून पुठ्ठ्यावर कागद लावून खाली यायचा आणि खिडकीतून आत द्यायचा. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली असायची. फुल्या मोजायच्या, तेवढ्या सह्या करायच्या. मजकूर इंग्रजी असायचा, कधी मराठीही असायचा. मराठी असला तरी मी वाचत नव्हते. कारकून उभा असायचा, दादा जिन्याच्या तोंडाशी असायचे, आणि सगळं वाचत बसलं तर हिला आपल्यावर भरवसा नाही असं त्यांना वाटेल, याची मला लाज वाटायची. आक्का दुसरी शिकलेल्या. त्या एकेक अक्षर जोडत सही करायच्या, जीभ दाताखाली धरून. झालं की भेळ, आणि पेठेतल्या मारवाड्याच्या दुकानातून दोघींना एकेक लुगडं. ते मिळालं की पुढच्या पावसापर्यंत आमचा त्या फाइलींशी संबंध नसायचा.

बारा वर्षं मी त्या वकिलांची पार्टी होते. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, त्यांच्यात तसं म्हणतात. बारा वर्षांत मी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मधल्या काळात पॅन कार्ड निघालं. त्यासाठी स्टुडिओत बसवून माझा फोटो काढला, आणि काही महिन्यांनी पोस्टमन माझं नाव विचारत दारात आला. माझ्या नावानं घरी आलेलं ते पहिलं पोस्ट. लग्नानंतर माहेरची पत्रंही मालकांच्या नावानं यायची. ते कार्ड मी हातात धरून बराच वेळ बसले. दादा आल्यावर ते घेऊन गेले, फाइलीला लावायचं म्हणून.

त्याच सुमाराला मालक एकदा सहज बोलून गेले की तुझ्या नावावर बँकेत एफडी केलीय, दरवर्षी भर पडते तिच्यात. मी विचारलं नाही, किती. कुठल्या बँकेत तेही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी मनात ते पैसे लेकीला देऊन टाकले. लेक तेव्हा पाचवी-सहावीत होती आणि गणितात हुशार होती. पाहुण्यांच्या पोरींची सतराव्या वर्षी लग्नं व्हायची तेव्हा मी गप्प असायची, कारण माझ्याकडं एफडी होती. ती माझी आहे का, कशासाठी आहे, कधी मिळेल, हे मी कुणाला विचारलं नाही. सहा-सात वर्षं मी एका न बघितलेल्या कागदाच्या जिवावर निवांत झोपले.

आक्कांच्याही नावावर तशीच एफडी होती. पण तिच्यात खरे पैसे होते. त्यांच्या माहेरची जमीन कालव्यात गेली होती. त्याचे पैसे आले तेव्हा भावांनी बहिणीचा वाटा मुकाट काढून दिला. असे भाऊ कमी. मी आणि आक्का कांद्याच्या वाफ्यात खुरपत होतो तेव्हा त्यांनी मला सांगितलं.

"हातात ठिवले तर उडत्याल म्हणून ह्यांच्याकडं दिले. टेंपोच्या एफडीच्या पावतीत घातलेत, एकाच जागी. माझं काय, पोरगा उद्या बायकोचा होईल. म्हातारपणी डोळ्याचं, गुडघ्याचं काय निघालं तर कुणाच्या तोंडाकडं बघाय नको."

"दादा असताना तुम्हाला काय कमी पडणार?"

"दादा असताना न्हाई गं. दादा नसताना."

लेक बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. अवसरीचं सरकारी कॉलेज तेव्हा निघालं नव्हतं. निघालं असतं तर कदाचित हे काही झालंच नसतं. नंबर लागला तो पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात. फी भरायला मोजके दिवस होते. लेकीनं ते पत्र दादांच्या पुढं ठेवलं, कारण घरातला पैसा दादांच्या हातात होता.

दादांनी फीचा आकडा दोनदा वाचला. म्हणाले, "एवढ्यात विहिरीवर नवी मोटार बसंल आन् वर पाइपलाइन हुईल. बाळा, डी.एड. कर. घोडेगावला जाऊन येऊन होतंय. घरात एक मास्तरीण हायेच कागदावर, दुसरी खरी होऊ दे."

लेक हसली नाही. म्हणाली, "मला मास्तरीण नाही व्हायचं."

"मग काय व्हायचंय? पुण्याला जाऊन खोल्या करून राहायचंय?"

मालक भाकरी मोडत राहिले. मी चुलीपाशी होते. मला भीती वाटली नाही, कारण मला वाटत होतं माझ्याकडं पैसे आहेत. दुसऱ्या दिवशी गोठ्यात मालकांना म्हणाले, "माझ्या नावावरची ती एफडी मोडा. त्यातनं फी भरू."

ते धार काढायचं थांबले. माझ्याकडं बघून हसले. वाईट हसले नाहीत, एखादं पोर मोठ्यांसारखं बोललं की हसतो तसं. "ती तुझी हाय व्हय? येडी का काय. ते नुसतं नाव हाय. टॅक्ससाठी."

"दादांना विचारा तरी."

"दादांला काय विचारायचं त्यात? शिकवण्या खऱ्याच घेत व्हतीस का तू?"

मी दुधाची चरवी उचलून घरात आले.

दोन दिवसांनी दाढ दुखते असं सांगून मी एकटी मंचरला गेले. कळंबच्या फाट्यावरून जीप मिळाली. दुधाचे पैसे माझ्या हातात असायचे, त्यातले दोनशे रुपये रुमालात बांधून घेतले होते. वाटेत एक वाक्य घोकत होते. त्या जिन्याच्या पायऱ्या मोजून चढले. सोळा होत्या.

कारकुनानं ओळखलं. "वहिनी? एकट्याच? दादा कुठं हायेत?" मी आतल्या दाराकडं बघितलं. त्यानं आत सोडलं.

मला वाटलं होतं वकीलसाहेब म्हातारे असतील. ते माझ्याच वयाचे निघाले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बसा. कुणाच्या घरच्या आपण?"

मी दादांचं नाव सांगितलं.

"अच्छा, म्हणजे शिकवणीवाल्या," ते म्हणाले आणि मग स्वतःच ओशाळले. फाइल मागवली. माझ्या नावाची, चांगली जाडजूड. पण उघडली नाही, तिच्यावर हात ठेवून बसले. "ताई, फाइल तुमची आहे, पण माझी पार्टी दादा आहेत. काही विचारायचं असेल तर त्यांनी विचारावं हे बरं."

मी रुमाल सोडून दोन्ही नोटा टेबलावर ठेवल्या आणि घोकलेलं वाक्य म्हणाले, "ही माझी फी. आता मी बी पार्टी."

त्यापुढचं काही घोकलेलं नव्हतं. पण ते हसले नाहीत. एक नोट उचलून ड्रॉवरमध्ये टाकली, दुसरी माझ्याकडं सरकवली आणि कारकुनाला दार लोटून घ्यायला सांगितलं. "विचारा."

"बँकेतले पैसे माझे आहेत का?"

"कायद्यानं तुमचेच. तुमचं उत्पन्न, तुमचा कर, तुमची पावती. बारा वर्षं आपण सरकारला तसं लिहून दिलंय. उद्या दादा म्हणाले की ते माझे आहेत, तर त्यांनाच बारा वर्षांचं उत्तर द्यावं लागेल. ते तसं कुठंही म्हणणार नाहीत."

"मग मोडता येईल?"

त्यांनी फाइल चाळली, एक कागद काढून माझ्यापुढं फिरवला. "नाही. ही पावती तारण आहे. दुकानाला बँकेनं उचल दिलीय, सीसी म्हणतात तिला. तिच्यापोटी ही अडकवलीय. सही तुमचीच ना?"

माझीच होती. वळणदार, रेघेला धरून, एकही अक्षर तुटलेलं नाही. मजकूर मराठीत होता. मी माझी ठेव माझ्या खुशीनं आणि समजून-उमजून तारण देत आहे, असं त्यात लिहिलं होतं. तारखेवरून कळलं, त्या वर्षी भेळेनंतर आम्ही बर्फाचा गोळाही खाल्ला होता.

"तुम्ही तरी सांगायचं होतं," मी म्हणाले.

"तुम्ही वर आला असतात तर सांगितलं असतं." मग म्हणाले, "पहिल्या वर्षी मी दादांना म्हणालो होतो, ज्यांच्या नावाची फाइल त्यांना एकदा तरी समोर बसवा. ते म्हणाले, बायकांना त्यातलं काय कळतंय. मग मी पण सोडून दिलं."

मी विचारलं, "शिकवण्याच का लिहिल्या?"

"शिलाई लिहिली तर मशीन दाखवावं लागतं. शिकवणीला काही लागत नाही. पाटीसुद्धा नाही."

नंतर त्यांनी मला सल्ला दिला, शंभर रुपयांचा. सीसीची मुदत या महिन्यात संपतेय. नव्या वर्षासाठी सगळे कागद नव्यानं होतात. या खेपेला पुठ्ठ्यावर तीन कागद येतील. पहिले दोन रिटर्नचे, त्यांवर सही करा, नाहीतर तुम्हालाच त्रास होईल. तिसरा तारणाचा. त्यावर सही करायची नाही. तुम्ही नाही म्हटलं तर कुणीही जबरदस्ती करू शकत नाही. मग बँक दादांकडं दुसरं तारण मागेल. ते मिळालं की तुमची पावती मोकळी. मोडायची तर तुमच्या सहीनं, पैसे तुमच्या खात्यात. यापुढं तुमच्या नावाच्या प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवत जा.

सल्ला चांगला होता. त्यात एकही चूक निघाली नाही. आपल्या घरात डॉक्टर लागतो तसा असा माणूस लागतो, आणि त्याच्यापुढं ज्याचं दुखतंय त्यानं बसायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरं तारण म्हणजे कुठलं, ते मी विचारलं नाही. परत येताना जीपमध्ये ते माझ्या मनातही आलं नाही, असं मी आत्ता लिहिलं होतं. ते खोडलं. आलं होतं.

चार दिवसांनी सह्यांचा दिवस आला. जीप, मागची सीट, भुरभुर पाऊस. या खेपेला मालक खालीच पानाच्या टपरीपाशी थांबले होते, दादा पुढच्या सीटवर पेपर वाचत होते. कारकून पुठ्ठा घेऊन आला. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही, जणू मी कधी वर आलेच नव्हते. पहिला कागद, दुसरा कागद. तिसऱ्यावर मी पेन ठेवून दिलं.

"वहिनी, ही एक फुली ऱ्हायली."

"ती नाही करायची."

"काय?"

त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. मला पुन्हा म्हणावं लागलं. दादांनी मान वळवली.

"काय झालं?"

"तारणावर नको म्हणत्यात."

दादा माझ्याशी कधी समोरासमोर बोलायचे नाहीत. तेव्हा बोलले. "कुणी पढवलं तुला?"

मालक खिडकीशी आले, हळू आवाजात म्हणाले, "कर की गं. आजवर केल्याच की."

"पोरीची फी," मी म्हणाले. याच्यापुढचं वाक्य मला जमलं नाही.

"मला अट घालती," दादा म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना अपमान वाटला होता. "बारा वर्षं मी उन्हात गोण्या उतरवल्या, आन् पैसा हिच्या शिकवण्यांचा झाला. लई शिकली मास्तरीण." ते उतरून जिना चढून गेले. आक्का माझ्या मांडीला चिमटा घेऊन पुटपुटल्या, "अगं कर की बाई. कशाला तमाशा रस्त्यात?"

अर्ध्या तासानं दादा खाली आले. त्यांच्या मागं कारकून, पुठ्ठ्यावर नवे कागद. दादा मला म्हणाले, "जा, मोड तुझी पावती. घाल पोरीच्या डोक्यावर. लग्नाच्या टायमाला मात्र माझ्या दारात यायचं न्हाई." आणि पुठ्ठा आक्कांच्या मांडीवर ठेवला. "हितं, हितं आन् हितं."

आक्का चष्मा घरी विसरल्या होत्या. डोळे बारीक करून म्हणाल्या, "आज माझ्याच लई फुल्या? टेंपो इकला का काय वं?"

"कर गप."

आक्कांनी जीभ दाताखाली धरली आणि पहिलं अक्षर काढलं. त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. मजकूर मराठीत होता आणि मला तो चांगला दिसत होता. माझी ठेव माझ्या खुशीनं. त्यांना एक सही करायला मिनिटभर लागतं. तीन सह्या होत्या. तीन मिनिटं म्हणजे पुष्कळ वेळ असतो. एवढ्या वेळात माणूस एक शब्द म्हणू शकतो. मला तेव्हा लाज वाटत नव्हती, तोंडही बांधलं गेलं नव्हतं. नुकतीच तर मी रस्त्यात नाही म्हणून दाखवलं होतं. मी गप्प राहिले कारण मी हिशोब केला होता. आक्का नको म्हणाल्या तर तारण पुन्हा माझ्यावर येणार.

त्या दिवशी लुगडं एकच घेतलं, आक्कांना. हिरवं, जरीकाठाचं. घरी आल्यावर आक्का ते माझ्या खोलीत घेऊन आल्या. "घे तुलाच. मला हिरवं खुलत न्हाई. आन् रडू नगं, दादांचा राग दोन दिवसाचा असतोय." मी रडत नव्हते. पण लुगडं घेतलं.

फी भरली गेली. पुढच्या वर्षांची उरलेल्या पैशांत, त्यांच्या व्याजात आणि दुधात भागवली. माझ्या शिकवण्या त्या वर्षी बंद झाल्या, दादांनी फाइलच बंद करायला सांगितली. लेक इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली. तिला वाटतं, रस्त्यात बसून आईनं तिच्यासाठी भांडण काढलं. ते ती तिच्या मैत्रिणींना सांगते. मी समोर असले की म्हणते, "आमच्या आईला हलक्यात घेऊ नका." मी चहा ठेवायला उठते.

दादांनी पारगावला, कारखान्याच्या रस्त्याला दुसरं दुकान टाकलं. तिथं आधीच चार दुकानं होती. ते चाललं नाही, आणि त्याला ओढता ओढता पहिलंही बसलं. दादांना त्याच धसक्यात झटका आला. जिवावरचं गेलं, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडखळायला लागलं. आक्कांचा मुलगा वेगळा निघाला.

मागच्या पावसाळ्यात पोस्टमन आला. रजिस्टर होतं, आक्कांच्या नावानं. आक्कांनी जीभ दाताखाली धरून त्याच्या कागदावर सही केली आणि पाकीट घेऊन माझ्याकडं आल्या. त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय, मंचरच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचं सांगितलंय. ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या. "बघ गं काय हाय. बँकेचा शिक्का दिसतोय. मी म्हणतच व्हते ह्यांना, माझ्या पावतीचं आता काढा म्हणून. डोळ्याचं करून टाकू."

मी पाकीट फोडलं. दीड पान होतं, मराठीत. दुकानाची थकबाकी न भरल्यामुळं आपण तारण दिलेली ठेव आजच्या तारखेनं कर्जात वळती करून घेण्यात आली आहे. खाली पावतीचा नंबर, आक्कांचं पूर्ण नाव, आणि ठेव पहिल्यांदा तारण दिली ती, त्या सह्यांच्या दिवसाची तारीख. मी सगळं वाचलं, मग पुन्हा वाचलं. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांना माझं तोंडही धड दिसत नसणार.

"काय म्हणत्यात?"

"इंग्रजीत आहे, आक्का," मी म्हणाले. "मला नाही कळत."

"असू दे मग," त्या म्हणाल्या. कागद माझ्या हातातून घेऊन नीट घडी घातली. "संध्याकाळी पोरगं येणार हाय, त्याला दावते."